डॉल्बी, कणीक आणि आपला सबवूफर

मंडळी, या वीकांताचा विषय जरा 'दणदणीत' आहे. आपल्याकडे ट्रॉलीवर रचलेल्या स्पीकरच्या भिंतीला लोक सर्रास 'डॉल्बी' म्हणतात. 'मिरवणुकीत डॉल्बी होती का रे?' असं अगदी सहज विचारतात. आता गंमत बघा. रे डॉल्बी हा अमेरिकन इंजिनिअर १९६३ ते १९६५ युनेस्कोचा तांत्रिक सल्लागार म्हणून भारतात होता. टेपवर रेकॉर्डिंग करताना मागून जी खरखर येते, ती कमी कशी करायची हा विचार इथेच त्याच्या डोक्यात पक्का झाला. १९६५ मध्ये त्याने लंडनमध्ये कंपनी काढली तीही त्यासाठीच. म्हणजे ज्या माणसाने आयुष्य गोंगाट कमी करण्यात घालवलं, त्याचंच नाव आपण गोंगाटाला दिलं! असो.

पण खर्जाचं वेड काही डॉल्बीने आणलेलं नाही. जालना जिल्ह्यातलं तीर्थपुरी हे गाव घ्या. तालुका घनसावंगी. समर्थ रामदासांचं जन्मगाव जांब याच तालुक्यात. भजन-कीर्तनाचा हा मुलुख, आणि भजन म्हटलं की पखवाज आलाच. पखवाजाच्या डाव्या पुडीवर वाजवण्याआधी ओली कणीक थापतात हे तुम्ही पाहिलं असेल. का थापतात? कातड्यावरचं वजन वाढलं की ते सावकाश हलतं, आणि सावकाश हललं की आवाज खाली उतरतो, घुमतो. उजव्या पुडीवरच्या शाईचं गणित तर खुद्द सी. व्ही. रामन यांनी अभ्यासलं. शाईमुळे चामड्याच्या वाद्यातून तारेसारखे सुरेल स्वर कसे निघतात, यावर त्यांचा लेख १९२० मध्ये 'नेचर'मध्ये आला होता.

सबवूफरमध्ये नेमकं हेच चालतं. कागदाचा जड शंकू आणि त्याला धरून ठेवणारी स्प्रिंगसारखी कड. वजन चौपट केलं तर नैसर्गिक कंपनसंख्या निम्मी होते. वर दुसरी मेख अशी, की तेवढ्याच जोराचा आवाज निम्म्या कंपनसंख्येला हवा असेल तर शंकूला चौपट आत-बाहेर व्हावं लागतं. म्हणून सबवूफर मोठा, जाडजूड आणि वीज खाणारा.

स्वतःचा अॅम्प्लिफायर पोटात घेऊन बसलेला स्पीकर ही कल्पनाही नवी नाही. जनरल इलेक्ट्रिकच्या राइस आणि केलॉग यांनी १९२५ मध्ये आजच्या पद्धतीच्या लाउडस्पीकरवर निबंध वाचला आणि १९२६ मध्ये 'रेडिओला १०४' बाजारात आला. अॅम्प्लिफायर आतच, किंमत २५० डॉलर! मग १९५४ मध्ये एडगर विल्चर याने बंद पेटीतल्या हवेलाच स्प्रिंग बनवलं आणि छोट्या खोक्यातून मोठा खर्ज काढला. १९६१ मध्ये ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील आणि पुढे सत्तरच्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी पेटीचं सगळं गणित मांडलं. त्याआधी सुतारकाम आणि अंदाजपंचे, त्यानंतर इंजिनिअरिंग.

घरात सबवूफर आला तो मात्र सिनेमाच्या मागोमाग. १९७४ च्या 'अर्थक्वेक'साठी थिएटरमध्ये खास खर्जाचे स्पीकर बसवून प्रेक्षकांच्या खुर्च्या हादरवल्या होत्या. १९९२ मध्ये 'बॅटमॅन रिटर्न्स'बरोबर डॉल्बी डिजिटल आलं. ५.१ मधला तो '.१' म्हणजे फक्त खर्जाचा, १२० हर्ट्झपर्यंतचा वेगळा चॅनल. मग डीव्हीडी आली, हॉस्टेलवर २.१ चे स्पीकर आले.. पुढचं तुम्हाला माहीतच आहे :)

आता कामाचं बोलू. समजा तीर्थपुरीतल्या घरात, दहा बाय बाराच्या खोलीत तुम्ही पॉवर्ड सबवूफर लावताय. ३० हर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ११ मीटर, म्हणजे ती खोलीत मावतच नाही! बारा फुटांच्या दोन भिंतींमध्ये ४७ हर्ट्झच्या आसपासचा स्वर अडकून फुगतो. एका जागी कान दडपतात, दोन पावलांवर खर्ज गायब. उपाय सोपा आहे. सबवूफर थोडा वेळ आपल्या बसायच्या जागी ठेवा, खर्जाचं गाणं लावा आणि भिंतीच्या कडेने चक्क रांगा. जिथे खर्ज सारखा आणि स्वच्छ ऐकू येईल तिथे सबवूफर ठेवा. कोपऱ्यात आवाज वाढतो, पण घुमतोही. क्रॉसओव्हर ८० हर्ट्झपासून सुरू करा. रिसीव्हर ते काम करत असेल तर सबवूफरवरचं बटण पूर्ण वर ठेवा, नाहीतर दोन चाळण्या एकावर एक लागतात. फेजचं बटण ० आणि १८० वर फिरवून जिथे खर्ज भरीव वाटेल तिथे सोडा. छपरावर पत्रे असतील तर आधी त्यांचे नट घट्ट करा. पत्रा थरथरला तर दोष उगाच स्पीकरवर जातो.

देखभाल म्हणाल तर पहिला शत्रू वीज. दाब वर-खाली होत असेल तर स्टॅबिलायझर हवाच, आणि वीज गेल्यावर प्लग काढून ठेवा, कारण परत येतानाचा झटका वाईट. दुसरा शत्रू फोमची कड. ती काही वर्षांत भुगा होते, पण बदलता येते, अख्खा स्पीकर फेकू नका. पेटीला भोक असेल तर आत उंदीर शिरणार नाही हेही बघा.

आणि शेवटी शेजारी. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल. २०१० पासून घरातल्या खासगी यंत्रणेलाही नियम लागू आहे : घराच्या हद्दीवर ठरलेल्या पातळीपेक्षा ५ डेसिबलहून जास्त आवाज नको. पण यात एक पळवाट आहे. हे मोजमाप 'ए' वजनाचं असतं आणि ते ५० हर्ट्झच्या आवाजातून तब्बल ३० डेसिबल वजा करतं. म्हणजे ५० हर्ट्झचा खरा ७५ डेसिबलचा दणका मीटरवर ४५ च दिसतो. कायद्याने तुम्ही निर्दोष, पण पलीकडच्या खोलीतली आजारी आजी जागीच! भिंत वरचे स्वर अडवते, खर्ज नाही. त्यामुळे मीटरवर विसंबू नका. रात्री दहानंतर शेजाऱ्यांच्या भिंतीला हात लावून बघा. हाताला ठोका लागला तर आवाज कमी करा. डॉल्बीसाहेबांचं खरं काम तेच होतं.

पटतंय का बघा. भेटू पुढच्या वीकांताला.