भंगारातले इंजिन आणि नादिष्टांचे संशोधन

फलाटाच्या अगदी टोकाला एक मुलगा वही घेऊन उभा आहे. येणाऱ्या प्रत्येक इंजिनाचा क्रमांक तो टिपून घेतो. त्याला कुठल्याही गाडीने कुठेही जायचे नाही. असे दृश्य दिसले तर आपण त्याला रिकामटेकडाच म्हणू. ब्रिटनमध्येही अशा मुलांची टिंगल पुष्कळ झाली. पण याच नादातून पुढे एका यंत्रावर बसलेला 'नापास'चा शिक्का पुसला गेला. विज्ञान शिकवणाऱ्यांनी जरूर माहीत करून घ्यावी अशी ही हकीकत आहे.

या छंदाला शिस्त लावली ती एका तरुण कारकुनाने. इयन ॲलन हा सदर्न रेल्वेच्या लंडनमधील कचेरीत नोकरीला होता. इंजिनांविषयी चौकशी करणारी पत्रे सारखी येत. 1942 मध्ये त्याने आपल्या रेल्वेच्या सर्व इंजिनांच्या क्रमांकांची एक लहानशी पुस्तिका काढली. ती हातोहात खपली. मग इतर रेल्वे कंपन्यांच्याही पुस्तिका निघाल्या. युद्धानंतर असंख्य शाळकरी मुले पाहिलेल्या इंजिनाच्या क्रमांकाखाली रेघ ओढू लागली. काहींनी हातात कॅमेरा घेतला. एरिक ट्रेसी हे तर पेशाने धर्मगुरू, पुढे वेकफील्डचे बिशप झाले. पण वाफेच्या इंजिनांची त्यांची छायाचित्रे देशभर गाजली. 1978 मध्ये ॲपलबी स्थानकावर वाफेच्या गाडीचे छायाचित्र घ्यायला गेले असतानाच त्यांना मृत्यू आला.

मुले क्रमांक टिपत होती तेव्हा इंजिनांचे दिवस मात्र भरत आले होते. 1948 मध्ये रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले तेव्हा ब्रिटनमध्ये वाफेची सुमारे 20 हजार इंजिने होती. कोळशातील उष्णतेचा दहावा हिस्सादेखील या इंजिनांना गाडी ओढण्यासाठी वापरता येत नसे. शिवाय भट्टी पेटवून वाफ धरायला कित्येक तास लागत. डिझेल आणि वीज यांच्यापुढे त्यांचा टिकाव लागणे शक्य नव्हते. 1955 मध्ये आधुनिकीकरणाची योजना जाहीर झाली आणि 11 ऑगस्ट 1968 रोजी ब्रिटिश रेल्वेच्या मुख्य मार्गांवरून वाफेची शेवटची प्रवासी गाडी धावली.

दरम्यान छंदिष्ट मंडळी नुसती वही घेऊन बसली नव्हती. वेल्समधील टॅलिथलिन ही बंद पडू पाहणारी अरुंद रुळांची रेल्वे 1951 मध्ये स्वयंसेवकांनी चालवायला घेतली. जगातला असा हा पहिलाच प्रयोग. 1960 मध्ये ससेक्समध्ये ब्लूबेल रेल्वे सुरू झाली. शिक्षक, कारकून, कारखान्यातले कामगार सुट्टीच्या दिवशी येऊन कोळसा टाकू लागले, रूळ दुरुस्त करू लागले.

प्रश्न होता इंजिने आणायची कुठून? तो सुटला एका भंगारवाल्यामुळे. वेल्समधील बॅरी बंदराजवळ डाय वुडहॅम यांचा भंगाराचा अड्डा होता. त्यांनी रेल्वेकडून जवळजवळ 300 इंजिने विकत घेतली होती. पण मालगाडीचे डबे तोडणे इंजिन तोडण्यापेक्षा सोपे, म्हणून त्यांनी आधी डबे तोडायला घेतले. इंजिने समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात वर्षानुवर्षे गंजत उभी राहिली. 1968 ते 1990 या काळात हौशी मंडळींनी वर्गण्या काढून त्यांतली 213 इंजिने सोडवून नेली.

आपल्या हकीकतीतले इंजिन त्यांपैकीच एक. नाव 'ड्यूक ऑफ ग्लॉस्टर', क्रमांक 71000. 1954 मध्ये क्रू येथील कारखान्यात बांधलेले, आपल्या जातीचे एकुलते एक. त्याच्याकडून मोठ्या अपेक्षा होत्या. स्विंडन येथे त्याच्या चाचण्या झाल्या, तेव्हा एक विचित्र गोष्ट दिसली. सिलिंडरांमध्ये वाफ अतिशय काटकसरीने वापरली जात होती. पण बॉयलरला जोराचे काम दिले की तो कोळसा वारेमाप खाई आणि वाफ मात्र पुरेशी देत नसे. फायरमन त्याच्या नावाने बोटे मोडत. असे दुसरे इंजिन बांधले गेले नाही आणि अवघ्या आठ वर्षांनी, 1962 मध्ये, त्याला निवृत्त केले. झडपांची नवी रचना विद्यार्थ्यांना दिसावी म्हणून त्याचा एक सिलिंडर कापून लंडनच्या विज्ञान संग्रहालयात ठेवला. उरलेला सांगाडा बॅरीला पोचला.

1974 मध्ये काही छंदिष्टांनी तो सांगाडा विकत घेतला. जाणकारांनी त्यांना वेड्यातच काढले असणार. हरवलेले भाग नव्याने घडवायचे तर मूळ आराखडे हवेत. ते मिळवून एकेक माप ताडून पाहताना उलगडा झाला. भट्टीखालच्या राखपेटीला हवा आत घेण्यासाठी झडपा असतात. त्या आराखड्याप्रमाणे बांधल्याच नव्हत्या. हवेची वाट अरुंद राहिली होती.

याचा परिणाम कसा होतो ते पाहू. सिलिंडरांतून बाहेर पडणारी वाफ धुरांड्यातून जोराने वर जाते आणि जाताना पुढच्या धूरपेटीतली हवा ओढून नेते. तिथला दाब कमी होतो, त्यामुळे भट्टीतून आणि तिच्या जाळीखालून ताजी हवा खेचली जाते. इंजिन जितके जास्त राबेल तितका हा भाता जोरात चालतो. योजना सुंदर आहे. पण भात्याचे तोंडच अर्धवट दाबून धरले तर? नेमके तेच झाले होते. त्यातच धुरांड्याची रचनाही या कामाला तोकडी होती.

1986 मध्ये इंजिन पुन्हा वाफेवर चालू लागले. चूक दुरुस्त केली होती. पुढे धुरांड्याची रचनाही बदलली. ज्याला वाफ धरत नाही म्हणून मोडीत काढले होते, ते इंजिन ब्रिटनमधील दमदार इंजिनांत गणले जाऊ लागले.

यावर एक रास्त आक्षेप घेता येतो. भाग बदलले, चुका सुधारल्या, मग हे 1954 चे इंजिन राहिले का? वस्तू म्हणून पाहिले तर पूर्णपणे नाही. पण वस्तूइतकेच ती घडवण्याचे ज्ञानही जपावे लागते. 'टॉर्नेडो' या इंजिनाचे पाहा. पेपरकॉर्न यांच्या ए-1 जातीची 49 इंजिने होती; एकही वाचले नाही. छंदिष्टांनी 1994 ते 2008 अशी चौदा वर्षे खपून त्या जातीचे नवे इंजिन बांधले. आराखडे बहुतेक मिळाले, पण बॉयलर मात्र जर्मनीतील मायनिंगेनच्या कारखान्यातून करवून आणावा लागला. ज्या देशाने रेल्वे जगाला दिली, तिथे ते काम करणारे कारखाने बंद होऊन गेले होते. कागद उरला होता, हात उरले नव्हते.

संग्रहालयातला तो कापलेला सिलिंडर इंजिनाची आतली रचना उत्तम दाखवी. पण इंजिनाचा दोष कशात होता हे त्याच्याकडे कितीही वेळ पाहून कळले नसते. ते कळले इंजिन पुन्हा जोडायला बसलेल्यांना.