'मद्रास' रुग्णालय-जहाज : लोकवर्गणी आणि रणांगणावरील वैद्यकीय मदत

चेन्नईतील तिरुवल्लिकेणी हा पार्थसारथी मंदिरासाठी प्रसिद्ध असलेला जुना भाग. त्याला लागूनच पूर्वी मद्रास प्रांताच्या गव्हर्नरांचे निवासस्थान होते. पहिल्या महायुद्धाच्या काळात लॉर्ड पेंटलंड गव्हर्नर असताना 'मद्रास युद्धनिधी' उभा राहिला आणि त्यातून जखमी सैनिकांसाठी एक जहाज सज्ज झाले.

निधी आणि जहाज

२२ सप्टेंबर १९१४ च्या रात्री 'एम्डेन' या जर्मन युद्धनौकेने मद्रास बंदरावर तोफांचा मारा केला. तेलाच्या टाक्या पेटल्या आणि दूरचे युद्ध शहराच्या दारात आले. त्याच वर्षी युद्धनिधीतून 'टांडा' हे नवे प्रवासी जहाज रुग्णालयात रूपांतरित करण्यात आले व त्याला 'मद्रास' हे नाव देण्यात आले. त्याची वैद्यकीय व्यवस्था इंडियन मेडिकल सर्व्हिसचे लेफ्टनंट कर्नल गिफर्ड यांच्याकडे होती.

साठ्याचे स्वरूप

प्रतिजैविके अद्याप उपलब्ध नव्हती. त्यामुळे निर्जंतुक कापूस व पट्ट्या, टिंक्चर आयोडीन, मॉर्फीन, क्लोरोफॉर्म, हिवतापावरील क्विनीन, मोडलेल्या हाडांसाठी लाकडी फळ्या आणि स्ट्रेचर यांवरच रणांगणावरील उपचारांची भिस्त असे. सैनिकाच्या गणवेशातही प्रथमोपचाराची पट्टी शिवलेली असे. मात्र हा साठा जखमीपर्यंत, किंवा जखमी साठ्यापर्यंत, वेळेत पोहोचला तरच त्याचा उपयोग होता.

मेसोपोटेमियाचा धडा

नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादजवळ टेसिफॉन येथे मोठी लढाई झाली. जनरल टाउनशेंड यांच्या सैन्यात १०३, ११० व ११७ या मराठा पलटणी होत्या. साडेतीन हजारांहून अधिक सैनिक जखमी झाले. वाहतुकीची तयारी मात्र त्याच्या अल्पांशाएवढीही नव्हती. स्प्रिंग नसलेल्या गाड्यांतून जखमींना नदीकाठी आणण्यात आले. 'मेजिदिया' ही आगबोट शेकडो जखमींना घेऊन टायग्रिस नदीतून बसऱ्याला आली, तेव्हा अनेकांच्या पट्ट्या कित्येक दिवस बदललेल्या नव्हत्या. बसऱ्यात 'वरेला' या रुग्णालय-जहाजावर असलेले मेजर कार्टर यांनी ही दुर्दशा चौकशी आयोगापुढे मांडली.

समुद्रावर सुसज्ज जहाजे होती. उणीव होती ती रणांगण आणि बंदर यांच्यामधील नदीप्रवासात. १९१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मेसोपोटेमिया आयोगाच्या अहवालाने या व्यवस्थेवर कठोर ठपका ठेवला आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांना पद सोडावे लागले. लोकांनी उदार हस्ते दिलेली वर्गणी शासनाच्या नियोजनाची जागा घेऊ शकत नाही, हे या प्रकरणाने स्पष्ट केले.

पुढे काय झाले?

युद्धानंतर जहाजाला 'टांडा' हे मूळ नाव परत मिळाले. दुसऱ्या महायुद्धात, जुलै १९४४ मध्ये, जर्मन पाणबुडीने ते अरबी समुद्रात बुडवले. गव्हर्नरांचे निवासस्थानही आता उरलेले नाही. नव्या विधानभवनासाठी ते पाडण्यात आले. २०१० मध्ये उद्घाटन झालेल्या त्या इमारतीत २०१४ पासून तमिळनाडू शासनाचे रुग्णालय सुरू झाले. जखमींसाठी जहाज सज्ज करणाऱ्या निधीच्या काळात जेथे गव्हर्नर राहत, त्याच आवारात अशा रीतीने रुग्णसेवा सुरू झाली.