पाण्याचे वेळापत्रक

नकाशावर निळी रेघ दिसली की तेथे पाणी असलेच पाहिजे, असे कोकणच्या खाडीकाठी वाढलेला माणूस सहज धरून चालतो. शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी हे गृहीत उपयोगाचे नाही. चंदीगडच्या पश्चिमेस पतियाळा की राव आणि पूर्वेस सुखना अशा दोन रेघा नकाशावर ठळक उमटलेल्या आहेत, आणि त्या दोहोंच्या मधल्या पठारावरच ते शहर वसवले गेले. पण वर्षातले बरेचसे महिने या दोन्ही वाटा वाळूच्या असतात. तिकडे अशा प्रवाहाला ‘चो’ म्हणतात. डोंगरात पाऊस कोसळला म्हणजे चोमधून तांबडा लोंढा धावत येतो, आणि आकाश निवळले की थोड्याच वेळात ओली वाळू तेवढी मागे उरते.

अशा शहरात बसून एखाद्याने बेत केला की, दोन रात्री आणि तीन दिवस पाण्यावर घालवावेत. बरोबर एक अरुंद, हलकी, वल्ह्याने चालणारी होडी असावी, जिला आता आपणही कॅनूच म्हणतो. एक लहान राहुटी, दोन पातेली, थोडा शिधा, आणि रात्र पडेल तेथे काठावर मुक्काम. बेत साधा आहे. परंतु तो आखू लागताच पहिला प्रश्न ‘कोठे जावे’ हा नसून ‘केव्हा जावे’ हा असल्याचे ध्यानी येते. त्या ‘केव्हा’चे उत्तर कोणाला विचारावयाचे, हे मात्र या प्रदेशात काळाबरोबर बदलत आले आहे. त्या बदलाची हकीकत येथे सांगावयाची आहे.

कौटिलीय अर्थशास्त्रात नावाध्यक्ष नावाच्या अधिकाऱ्याची कर्तव्ये सांगितली आहेत. हेमंतात आणि ग्रीष्मातही ज्या मोठ्या नद्या नावेनेच ओलांडाव्या लागतात, त्यांवर मोठ्या नौका ठेवाव्यात. ज्या लहान नद्या केवळ पावसाळ्यात वाहतात, त्यांवर लहान नौका ठेवाव्यात, असा तेथे निर्देश आहे. चोसारख्या प्रवाहाचा स्वभाव त्या ग्रंथकाराला पुरता ठाऊक होता असे दिसते. पुढे तर, म्हणजे नदीपार करण्याचा व्यवहार, कोणत्या काळात चालावा हेही तो सांगतो: आषाढी पौर्णिमेनंतर आठवडा लोटल्यापासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत. आषाढी आणि कार्तिकी हे शब्द कानी पडताच आपल्या डोळ्यांपुढे चंद्रभागेचे वाळवंट उभे राहते. तेथे मात्र ते नावेच्या हिशेबाचे शब्द आहेत. पाण्याचे पंचांग आकाशात होते आणि राजाचा अधिकारीही त्याच पंचांगाकडे पाहून काम करीत होता.

होडी आणि राहुटी यांचे नाते किती जुने आहे, हे पाहावयाचे तर शिकंदराच्या मोहिमेकडे वळले पाहिजे. इ. स. पू. ३२९ मध्ये मध्य आशियातील आमू दर्या ओलांडण्याची वेळ आली तेव्हा काठावर लाकूड नव्हते. त्याने सैनिकांच्या तंबूंची कातडी गोळा करविली, त्यांत सुका भुसा भरून ती घट्ट शिवून घेतली, आणि त्यांच्या आधाराने पाच दिवसांत सारे सैन्य पलीकडे नेले. रात्रीची राहुटी दिवसाची नाव झाली. तीन वर्षांनी झेलमच्या काठी त्याला नौका हव्या होत्या, पण त्या होत्या सिंधूवर. मग लहान नौकांचे दोन आणि तीस वल्ह्यांच्या मोठ्या नौकांचे तीन तुकडे करून ते गाड्यांवर घालून आणले व झेलमच्या काठी पुन्हा जोडले. आज मोटारीच्या टपावर कॅनू बांधून डोंगर चढणारा हौशी प्रवासी स्वतःला मोठा कल्पक समजत असेल, तर त्याला हे सांगावयास हरकत नाही.

पाण्याचा ‘केव्हा’ चुकला तर काय होते, हे मराठी माणसाला कोणी शिकवावयास नको. १७६० च्या पावसाळ्यात यमुनेला पूर होता. सदाशिवरावभाऊंचे सैन्य नदीच्या पश्चिमेस आणि अहमदशहा अब्दाली पूर्वेस, अशी दोन्ही सैन्ये एकमेकांना अडवून बसली होती. ऑक्टोबरच्या १७ तारखेस मराठ्यांनी यमुनाकाठचे कुंजपुरा घेतले. ते ठिकाण आजच्या कर्नाल जिल्ह्यात, चंदीगडच्या दक्षिणेस आहे. नदी अजून उतार देणार नाही, या समजुतीवर सारी गणिते उभी होती. आठवड्याभरातच, २५ ऑक्टोबरच्या सुमारास, अब्दालीने दिल्लीच्या उत्तरेस बागपतजवळ पाण्यात घोडे घातले. त्याची काही माणसे वाहून गेली, पण सैन्य अलीकडे आले आणि मराठे व दिल्ली यांच्यामध्ये उभे राहिले. पानिपतच्या पराभवाची कारणे इतिहासकार अनेक देतात आणि ती सारीच विचारात घ्यावी लागतात; माझ्या मते मात्र बागपतच्या उताराला त्यांत अजून पुरेसे मोल मिळालेले नाही. नदीच्या काठी महिनोन् महिने राहूनही नदी कळत नाही. ती कळते तिच्यावर पोट भरणाऱ्या माणसाला.

त्या माणसाचे उत्तम वर्णन एका इंग्रजाने करून ठेवले आहे. विल्यम मूरक्रॉफ्ट हा ईस्ट इंडिया कंपनीचा पशुवैद्य. चांगले घोडे मिळवावेत म्हणून तो बुखाऱ्याकडे निघाला, आणि १८२० मध्ये बिलासपूरजवळ देहर येथे सतलजच्या काठी येऊन पोहोचला. नदी खोल दरीत, पाणी वेगाचे, पूल नाही, नाव नाही. तेथे दराई नावाचे नावाडी होते. म्हशीचे आख्खे कातडे फुगवून त्याचे तोंड बांधावयाचे, त्यावर पोट टेकून पालथे पडावयाचे, हातात आखूड वल्हे घ्यावयाचे आणि पाय मारीत नदी कापावयाची. उतारूने त्याच्या पाठीवर बसावयाचे. सामानासाठी दोन कातड्यांवर खाट बांधीत. आपल्याकडील भोपळ्यांच्या सांगडीचीच ही थोरली बहीण. मूरक्रॉफ्टच्या नोंदीप्रमाणे, ३१ दराईंनी सुमारे ३०० माणसे, १६ घोडे व खेचरे आणि २०० मण सामान अवघ्या दीड तासात पैलतीरी नेले. काम संपले की कातड्यातली हवा सोडून ते पाठीवर टाकावयाचे आणि घरी जावयाचे. पाण्यात माणसाला वाहील आणि जमिनीवर माणूस जिला वाहील, अशी नाव असावी, हे कॅनूवाल्यांचे सूत्र दराईच्या घरात पिढीजात होते.

नदीवर हौसेने जाण्याची कल्पना मात्र युरोपातील. जॉन मॅकग्रेगर या स्कॉटिश वकिलाने १८६५ मध्ये ‘रॉब रॉय’ नावाच्या लहानशा कॅनूतून युरोपातल्या नद्यांचा प्रवास केला आणि पुढच्या वर्षी त्यावर पुस्तक लिहिले. तीन महिन्यांचे त्याचे सामान फूटभर लांबरुंद पिशवीत मावले होते. आमच्याकडे पंढरीच्या वारकऱ्यालाच काय ते हे साधते. त्याच्यामागून आर. एल. स्टीव्हन्सन १८७६ मध्ये बेल्जम व फ्रान्सच्या कालव्यांतून आणि नद्यांतून गेला. या मंडळींना पाण्याची चिंता फारशी नव्हती. तिकडच्या नद्या बारमाही, काठावर दर दोन कोसांवर खानावळ. पंजाबात ती सोय निसर्गाने ठेवलेली नाही, म्हणून ती माणसाने निर्माण केली.

चंदीगडचा सुखना तलाव हे त्या निर्मितीचे सर्वांत लाघवी उदाहरण. १९५८ मध्ये सुखना चोवर बांध घालून तो केला. वास्तुशिल्पी ल कॉर्ब्युझिए आणि मुख्य अभियंता परमेश्वरी लाल वर्मा यांच्या विचारातून तो उभा राहिला. बांधाच्या माथ्यावरून मोटारी जाऊ नयेत, तळ्यात यंत्राच्या बोटी फिरू नयेत, नागरिकांना शांतता मिळावी, असा कॉर्ब्युझिएचा आग्रह होता. परंतु या पाण्यावर खरे प्रेम केले ते त्याच्या चुलतभावाने, पिएर जॅनरे याने. कॉर्ब्युझिए येई आणि जाई. जॅनरे १९५१ पासून १९६५ पर्यंत चंदीगडात राहिला, शहराच्या घराघराकडे त्याने लक्ष पुरवले, आणि फावल्या वेळात या तळ्यासाठी होड्यांचे आराखडे केले. १९६५ च्या ऑगस्टमध्ये कॉर्ब्युझिए भूमध्य समुद्रात पोहत असता वारला. जॅनरे १९६७ च्या डिसेंबरात जिनीव्हा येथे गेला. त्याच्या इच्छेप्रमाणे त्याची रक्षा १९७० मध्ये चंदीगडला आणून सुखनाच्या पाण्यात विसर्जित करण्यात आली.

हे तळेही आपोआप टिकत नाही. शिवालिकची माती ठिसूळ; प्रत्येक पावसाळा तिचा गाळ खाली आणतो. १९७४ मध्ये चोचे पाणी थेट तळ्यात न घेता, गाळ आधी खाली बसवून मग ते आत सोडण्याची व्यवस्था झाली. उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या तळाशी नागरिकांनी कुदळी आणि घमेली घेऊन श्रमदान केले. १९८९ मध्ये आशियाई नौकास्पर्धा याच पाण्यावर झाल्या. २०२० च्या मार्चमध्ये पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने आपल्या निवाड्यात या तलावाला सजीव व्यक्तीचा दर्जा जाहीर केला. नदीला माता म्हणणाऱ्या देशात यात नवल वाटू नये; पण मातेला न्यायालयात जावे लागले, हे विसरू नये. वल्ही मारण्याचा सराव करावयास सुखना उत्तम आहे. पहाटे पाणी निश्चल असते, वल्हे धरण्याची रीत आणि तोल दोन्ही तेथे शिकता येतात. तेथे राहुटी ठोकता येत नाही, आणि प्रवास म्हणावा असे अंतरही नाही.

प्रवासासाठी सतलजच्या खोऱ्यातच गेले पाहिजे, आणि तेथे भाक्रा धरण उभे आहे. सुमारे २२६ मीटर उंचीचे हे धरण २२ ऑक्टोबर १९६३ रोजी पंडित नेहरूंनी राष्ट्रास अर्पण केले. त्याच्यामागे दरीत दूरवर पसरलेल्या जलाशयाला गुरू गोविंदसिंगांच्या नावाने गोविंदसागर म्हणतात. पंजाब, हरियाणा आणि राजस्थान यांच्या शेतांना या पाण्याने काय दिले हे सर्वश्रुत आहे. त्यासाठी ३७१ गावांची जमीन पाण्याखाली गेली, आणि बिलासपूर संस्थानची जुनी राजधानी तिच्या देवळांसह बुडाली. नवे बिलासपूर वरच्या अंगाला वसवले गेले. गुरांच्या नलवाडी जत्रेचे जुने मैदानही गेले, तेव्हा जत्रा लुहणूच्या मैदानावर भरू लागली. दराईची विद्या ज्या नदीची होती, ती नदीच उरली नाही. तेथे सरोवर झाले.

या सरोवराला स्वतःचे ऋतू आहेत. ते जूनमध्ये भरू लागते, सप्टेंबरच्या अखेरीस तुडुंब होते, आणि पुढे मे-जूनपर्यंत सतत उतरत जाते. पूर्ण पातळी समुद्रसपाटीपासून ५१२ मीटर, खालची पातळी ४४५ मीटरच्या आसपास. जलाशय काठोकाठ भरून तळपातळीपर्यंत उतरला, तर सरासरीने रोज एक वीत पाणी कमी होते असा हिशेब पडतो. म्हणून बेत करावा तो कार्तिकात. तेव्हा पाणी झाडीच्या कडेपर्यंत आलेले असते, हवा निवळलेली असते, होडी सरळ गवतावर ओढता येते. हाच बेत वैशाखात केला तर पाणी आणि राहुटीची जागा यांच्यामध्ये भेगाळलेल्या चिखलाचा लांबलचक उतार आडवा येतो, आणि सामान त्यावरून वाहून नेताना हौस जिरते. पावसाळ्यात तर जाऊच नये. तेव्हा पाणी चढते असते, आणि संध्याकाळी सुरक्षित वाटलेली जागा पहाटे सुरक्षित असेलच असे नाही.

जलाशयाच्या वरच्या अंगाला, जेथे सतलज अजून नदीसारखी वाहते, तेथे कॅनू घालण्याचा मोह होईल. तो आवरावा. मूरक्रॉफ्टने नदी ओलांडली त्या देहरच्या नावाचे वीजगृह आता तेथे आहे. १९७७ पासून पंडोह येथे अडवलेले बियासचे पाणी बोगद्यांतून येऊन त्या वीजगृहातून सतलजमध्ये पडते. जवळच कोल धरणही आहे. या पाण्याची भरती-ओहोटी चंद्रावर अवलंबून नाही. मैदानातल्या शहरांत दिवे केव्हा लागतात आणि कारखाने केव्हा चालतात, यावर ती अवलंबून आहे. ८ जून २०१४ रोजी मंडी जिल्ह्यात बियासच्या पात्रात हैदराबादहून सहलीस आलेले अभियांत्रिकीचे विद्यार्थी खडकांवर उभे होते. आकाशात ढग नव्हता. वर लारजी येथील धरणातून पाणी सोडले गेले आणि २४ विद्यार्थी वाहून गेले. दराईला नदीचा आवाज ऐकून पाणी कळत असे. पण वीजघरातल्या माणसाने दार उघडावयाचे ठरवले, तर त्याचा आवाज खाली ऐकू येत नाही. नंगलच्या खालचे कालवे तर त्याहून फसवे. त्यांचे काठ सिमेंटचे आणि उतरते, पाणी वेगाचे, आणि एकदा आत पडलेल्या माणसाला हात टेकावयास जागा नाही.

तेव्हा चंदीगडहून निघणाऱ्याने क्रम असा ठेवावा. जलाशयाची त्या दिवशीची पातळी आधी विचारावी. ती जाहीर होत असते. मुक्कामासाठी बिलासपूरच्या जिल्हा कार्यालयाची आणि वनखात्याची अनुमती घ्यावी. तरंगणारे जाकीट हे प्रत्येकाच्या अंगात असावे, होडीच्या तळाशी नव्हे. दुपारनंतर दरीतून वारा उठला तर रुंद पाण्यावर लाटा चढतात आणि हलकी होडी वाऱ्याच्या तोंडी जाते. म्हणून पहाटे निघावे, काठाकाठाने जावे आणि ऊन कलण्याआधी राहुटी ठोकावी. शिधा दोन दिवसांचा असेल तर तीन दिवसांचा घ्यावा. काठावर गुरे चारणारा कोणी भेटल्यास त्याच्याजवळ बसून वाऱ्याची चौकशी करावी. त्याच्या घरातले कोणीतरी जुन्या बिलासपुरात राहिलेले असण्याचा संभव आहे.

रात्री होडी पाण्यात बांधून ठेवू नये, ओढून वर घ्यावी. कार्तिकात पाणी उतरतीला लागलेले असते, त्यामुळे काठाला बांधलेली होडी सकाळी चिखलात कलंडलेली सापडेल. आणखी काही आठवडे थांबून गेल्यास, त्याच उतरत्या पाण्यातून जुन्या गावाच्या रंगनाथाचे शिखर आधी, आणि मग इतर देवळांचे कळस एकेक करून बाहेर येताना दिसतात.