वडसा ठाण्यातली ती रात्र आणि नाव झाकणारा कायदा

आज आम्ही आपल्याच भागातली एक जुनी गोष्ट सांगणार आहोत. देशभर वकिलीच्या वर्गात ती शिकवतात, पण वडसा स्टेशनवर उतरणाऱ्या आपल्यापैकी कितीजणींना ती माहीत आहे?

साल १९७२. गडचिरोली जिल्हा तेव्हा झाला नव्हता, तो १९८२ मध्ये झाला. देसाईगंज, म्हणजे आपलं वडसा, चंद्रपूर जिल्ह्यात होतं. तिथं चौदा ते सोळा वर्षांची एक आदिवासी मुलगी भावाजवळ राहायची. आईबाप नव्हते. लोकांच्या घरी कामाला जायची. एका मुलाशी लग्न करायचं तिच्या मनात होतं. बहिणीला पळवून नेलं, अशी तक्रार भावानं दिली आणि २६ मार्चच्या रात्री सगळ्यांना ठाण्यात बोलावलं गेलं. जबाब झाले. साडेदहाच्या सुमारास बाकीचे निघाले, तिला मात्र थांबवून घेतलं. ठाण्याचे दिवे बंद, दार आतून बंद. बाहेर आल्यावर तिनं जमलेल्या लोकांना सांगितलं की आत पोलिसानं आपल्यावर बलात्कार केला.

चंद्रपूरच्या सत्र न्यायालयात खटला चालला. १९७४ मध्ये दोन्ही पोलीस सुटले. डॉक्टरी तपासणीवरून न्यायालयानं म्हटलं की या मुलीला शरीरसंबंधांची सवय आहे, आणि तिला खोटारडी ठरवलं. प्रश्न होता ठाण्यात काय झालं याचा, पण तपासलं गेलं तिचं मागचं आयुष्य. १९७६ मध्ये नागपूर खंडपीठानं सांगितलं की भीतीनं गप्प राहणं म्हणजे होकार नव्हे, आणि दोघांना शिक्षा दिली. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती रद्द केली. अंगावर जखमा नाहीत, विरोधाच्या खुणा नाहीत, हे त्यातलं एक मोठं कारण होतं.

पुढच्या वर्षी उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धगमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. रात्री, ठाण्यात, पोलिसांपुढे एक गरीब पोर विरोध करणार तरी कसा, हा त्यांचा सवाल होता. ८ मार्च १९८० ला अनेक शहरांत बाया रस्त्यावर आल्या.

त्यातून १९८३ चा कायदा आला. ठाण्यात पोलिसानं केलेल्या बलात्काराला वेगळी, कडक शिक्षा ठरली. अशा खटल्यात शरीरसंबंध झाला हे सिद्ध झालं आणि आपली संमती नव्हती असं बाईनं कोर्टात सांगितलं, तर न्यायालय ते धरून चालेल असं ठरलं. खटला बंद दारामागे चालावा आणि पीडितेचं नाव छापणं गुन्हा व्हावा, हेही त्यातच आलं.

पण या कायद्याला जिच्यामुळे सुरुवात झाली, तिचं नाव निकालात आणि पुस्तकांत तसंच राहिलं. पुढच्या मुलींना मिळालेला आडोसा तिला मिळाला नाही. म्हणून आम्ही ते नाव इथं घेत नाही.

पुढची वाट हळूहळू झाली. महाराष्ट्रातलाच एक पोलीस निरीक्षक रात्री एका बाईच्या झोपडीवर गेला होता. बाई 'वाईट चालीची' आहे, असं त्याच्या बाजूनं सांगितलं गेलं. १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की बाई कशीही असो, तिच्या खासगीपणात शिरायचा हक्क कोणालाच नाही. बाईच्या चारित्र्यावर बोट ठेवून तिची साक्ष खोटी पाडायची मुभा पुराव्याच्या कायद्यात होती, ती २००२ च्या दुरुस्तीनं गेली. 'दोन बोटांची तपासणी' बाईच्या खासगीपणाचा भंग करते, असं न्यायालयानं २०१३ मध्ये सांगितलं. २०२२ मध्ये तर अशी तपासणी करणाऱ्याला गैरवर्तनाचा दोषी धरलं जाईल, इथपर्यंत बजावलं.

आता १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम ७२ नुसार बलात्कार पीडितेची ओळख उघड करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कलम ७७ नुसार बाईला आंघोळ करताना किंवा कपडे बदलताना चोरून पाहणं, तिचा फोटो काढणं किंवा तो पसरवणं गुन्हा आहे. फोटो तिनं स्वतःच्या मर्जीनं काढू दिला असेल, पण इतरांना दाखवायला संमती दिली नसेल, तरीही पसरवणारा गुन्हेगार ठरतो. बायांनो, हे नीट लक्षात ठेवा. 'तूच काढू दिलास ना' असं म्हणून कोणी पोरीला गप्प करत असेल, तर कायदा पोरीच्या बाजूला आहे. तक्रार कोणत्याही ठाण्यात देता येते आणि ती महिला अधिकाऱ्यानं लिहून घ्यायची असते. साक्षीदार म्हणून जबाब द्यायला बाईला ठाण्यात बोलावता येत नाही, पोलिसांनीच तिच्या घरी यायचं असतं.

हा कायदा गावातही लागू आहे. एखाद्या पोरीवर अत्याचार झाला की संध्याकाळपर्यंत तिचं नाव, गाव, फोटो मोबाईलवर फिरतो. पाठवणारे आपल्याच घरातले असतात, कधी हळहळून पाठवतात, कधी मजेनं. बचत गटाच्या पुढच्या बैठकीत एवढं ठरवा: असं काही आपल्या मोबाईलवर आलं तर पुढे पाठवायचं नाही, घरातल्या पोरांनाही ते बजावायचं, आणि त्या पोरीला ठाण्यात जायचं असेल तर दोघीतिघींनी तिच्यासोबत जायचं. त्या रात्री वडशात बाकीचे बाहेर निघाले आणि ती आत एकटी राहिली होती.