होकायंत्राची निवड

सह्याद्रींत भटकण्याची आवड असलेला माझा एक विद्यार्थी परवां एक प्रश्न घेऊन आला. स्वीडनचें सिल्वा, फिनलंडचें सूंटो आणि अमेरिकेचें ब्रंटन, यांपैकीं कोणतें होकायंत्र घ्यावें, हा तो प्रश्न. किंमतींचा तक्ता त्यानें बरोबर आणलाच होता. मीं त्यास तत्काळ उत्तर दिलें नाहीं. कारण हीं यंत्रें एकाच गरजेंतून जन्मलेलीं नाहींत, हें त्यास आधीं सांगणें जरूर होतें.

चुंबकसूची सर्वांची सारखीच. भेद आहे तो तिच्याभोंवतीं जें बसविलेलें असतें त्यांत. लंडनमधील श्माल्काल्डर नांवाच्या यंत्रकारानें १८१२ सालीं लोलकयुक्त होकायंत्राचें पेटंट घेतलें, तें मोजणीच्या कामासाठीं. दूरची खूण नेमांत धरली असतां त्याच क्षणीं तबकडीवरील अंशहि डोळ्यास दिसावा, मान हलवावी लागूं नये, एवढीच त्याची युक्ति. परंतु ती इतकी पक्की निघाली कीं, शंभर वर्षांनंतर पहिल्या महायुद्धांत ब्रिटिश अधिकारी जें व्हर्नर पद्धतीचें लोलकयुक्त होकायंत्र वापरीत, तेंहि याच तत्त्वावर चाले. त्याची तबकडी कोरडी, म्हणजे हवेंत झुलणारी. ती लवकर स्थिर होईना, म्हणून बोटानें दाबावयाची एक कळ तिला बसविलेली असे. अंधारांत, चिखलांत उभें राहून ती तबकडी थांबण्याची वाट पाहणाऱ्याच्या मनाची स्थिति काय होत असेल, याची कल्पनाच केलेली बरी!

ब्रंटन हा खाणींचा इंजिनियर. त्याचें पेटंट १८९४ सालचें. आरसा, पाणसळ व उतार मोजण्याची सोय त्यानें खिशांत मावेल एवढ्या पेटींत बसविली. भूगर्भशास्त्रज्ञ आजहि तिच्यावर जीव टाकतात, आणि तें योग्यच आहे; पण माझ्या विद्यार्थ्यास गड चढावयाचा होता, खडकांच्या थरांचा कल मोजावयाचा नव्हता.

त्याच्या उपयोगाची गोष्ट उत्तरेकडे घडली. नकाशा हातांत घेऊन, रानांतील ठराविक ठिकाणें गांठीत धांवण्याचा खेळ स्वीडनांत लोकप्रिय होता. धांवणाऱ्यास नकाशावर कोनमापक निराळा मांडण्याची सवड कोठून असणार? टिलँडर या कारागिरानें पारदर्शक पट्टीवरच होकायंत्र बसवून कोनमापक व होकायंत्र एक केलें, आणि शेलस्ट्रॉम बंधूंनीं १९३३ सालीं सिल्वा कंपनी काढून तें बाजारांत आणलें. नकाशा आणि भूमि यांची गांठ या साध्या पट्टीनें जितकी सुलभ केली, तितकी कोणत्याहि पितळी यंत्रानें केली नव्हती, असें माझें मत आहे. फिनलंडच्या वोह्लोनेन यानें सूची द्रवानें भरलेल्या बंद डबींत ठेवून तिचें थरथरणें थांबविलें व १९३६ सालीं सूंटोचा पाया घातला. द्रवाची कल्पना जहाजांवर जुनीच होती. ती हलकी व स्वस्त करून पादचाऱ्याच्या हातीं देणें हें त्याचें काम.

मात्र यंत्राइतकाच प्रदेशहि पाहावा लागतो. लिबियाच्या वाळवंटांत मोटारींचें लोखंड सूचीस फसवी, म्हणून बॅग्नोल्ड व त्याचे सैनिक १९४० नंतर तेथें सूर्याच्या छायेवर चालणारें दिशायंत्र वापरीत. आपल्याकडे मुंबईंत विजेच्या ट्राम १९०७ सालीं धांवूं लागल्या. पण त्या येणार असें दिसतांच, विजेच्या प्रवाहानें वेध बिघडतील हें ओळखून, कुलाबा वेधशाळेचें १८४१ पासून चालत आलेलें चुंबकीय निरीक्षणाचें काम संचालक नानाभाई मूस यांच्या कारकीर्दींत अलिबागेस नेण्यांत आलें. तेथील वेधशाळा १९०४ सालची.

अलिबागच्या परिसरांत चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एका अंशाचाहि फरक नाहीं. लंडनला १९१५ च्या सुमारास तो सुमारें १५ अंश होता. तो विसरणारा मनुष्य दर किलोमीटरमागें अडीचशे मीटर चुके. म्हणून हा फरक दुरुस्त करणाऱ्या स्क्रूसाठीं युरोपांत जादा पैसे मोजणें शहाणपणाचें, येथें तें व्यर्थ. सूचीच्या झुकावाची गोष्ट मात्र उलट. स्टॉकहोमला चुंबकीय बल सूचीचें उत्तर टोंक क्षितिजाखालीं सुमारें ७३ अंश ओढतें, अलिबागेस केवळ २६ अंशांच्या आसपास. तेथें सूची सपाट राहावी म्हणून तिची दक्षिण बाजू जड करितात, आणि तीच सूची येथें आणली कीं दक्षिण टोंकाकडे झुकून तळास घासण्याचा संभव असतो. कोणत्या विभागाकरितां यंत्र तोललें आहे हें कारखानदार सांगतात. विकत घेणारा विचारीत नाहीं, एवढेंच.

तेव्हां मीं त्यास सांगितलें कीं, पट्टीचें, द्रवानें भरलेलें साधें यंत्र घे, नांव कोणतेंहि असो. दुकानांत तें सपाट धरून सूची मोकळी फिरते कां तें पाहा. आणि गडावर गेल्यावर तें काळ्या दगडावर ठेवून वाचूं नकोस, कारण सह्याद्रीच्या त्या दगडांतहि लोहचुंबकाचा अंश असतो.