पुलमनच्या शयनगाड्या आणि त्यांचे पोर्टर

अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ साली संपले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस राज्यघटनेच्या तेराव्या दुरुस्तीने गुलामगिरी कायद्याने नष्ट झाली, तेव्हा सुमारे चाळीस लाख माणसे दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नोंदवहीतून एकाएकी बाहेर पडली. परंतु त्यांच्या हाती ना जमिनीचा तुकडा होता, ना अवजार, ना गाठीला पैसा, आणि ज्या समाजात त्यांना पोट भरावयाचे होते तो समाज त्यांच्याकडे पूर्वीच्याच दृष्टीने पाहत होता. जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील ज्या सत्पुरुषांस अर्पण केला, त्यांच्या औदार्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. तथापि बेडी तुटल्यावर त्या मुक्त माणसाचा निर्वाह कसा चालला, हा प्रश्नही इतिहासाने तितक्याच आस्थेने विचारावयास हवा. त्याचे एक उत्तर त्या देशाच्या रेल्वेच्या डब्यांत सापडते.

शिकागोच्या जॉर्ज मॉर्टिमर पुलमन याने १८६७ साली आपली कंपनी स्थापन केली आणि रात्रीचा प्रवास म्हणजे बाकावर अंग आखडून काढलेली यातना, ही तोवरची रीत मोडून, गालिचे, नक्षीदार लाकूडकाम, मऊ गाद्या आणि स्वच्छ चादरी यांनी सजविलेल्या शयनगाड्या रुळांवर आणल्या. या गाड्या कंपनी स्वतःच्या ताब्यात ठेवी आणि गाडीसोबत तिचा परिचारकही पुरवी. हा परिचारक, म्हणजे पोर्टर, जवळजवळ नियमाने कृष्णवर्णीय असे, आणि आरंभीच्या पिढीतील पुष्कळजण गुलामीतून नुकतेच सुटलेले होते. पुलमनने त्यांना निवडले ते करुणेपोटी नव्हे. ही माणसे स्वस्तात मिळतील, मुकाट्याने राबतील, आणि पैसेवाल्या गोऱ्या उतारूला घटकाभर तरी आपण हवेलीचे धनी असल्याचा भास देतील, हा त्याचा हिशेब होता. १८७१ च्या शिकागोच्या अग्निप्रलयात कंपनीचे प्रारंभीचे दफ्तर जळून गेले, त्यामुळे ज्या पहिल्या पोर्टराने या व्यवसायाचा पाया घातला त्याचे नाव आज कोणासही सांगता येत नाही. पुलमनच्या मृत्यूनंतर कंपनीचे अध्यक्षपद अब्राहम लिंकन यांचे पुत्र रॉबर्ट टॉड लिंकन यांच्याकडे आले व १९११ पर्यंत राहिले. मुक्तिदात्याच्या पुत्राच्या अमदानीतही पोर्टरांच्या स्थितीत म्हणण्यासारखा पालट पडला नाही.

त्या चाकरीचे स्वरूप बारकाईने पाहिल्यावाचून पुढची हकिकत कळावयाची नाही. गाडी सुटण्यापूर्वी काही तास पोर्टर डब्यात हजर होई, पाणी, टॉवेल, चादरी मोजून घेई, पितळेला झिलई देई, आणि हा वेळ कित्येक वर्षे पगारात धरला जात नसे. संध्याकाळ झाली की समोरासमोरची आसने ओढून खालची शय्या करावयाची, छताला लागलेली वरची शय्या उतरवावयाची, गाद्या घालून पडदे सोडावयाचे. मग मध्यरात्री सारे निजल्यावर आसनांखाली ठेवलेले बूट गोळा करून, ज्याचे त्याला परत जातील अशी खूण लक्षात ठेवून, एकेक जोड चकचकीत करावयाचा. ज्याचे स्थानक पहाटे चारला येते त्याला पडद्याबाहेरून हलकेच जागे करावयाचे, त्याच्या कोटावरची धूळ झाडावयाची, आजाऱ्याची शुश्रूषा करावयाची, रडणाऱ्या मुलाला घेऊन येरझारा घालावयाच्या. स्वतःच्या झोपेसाठी रात्रीतून दोन-तीन तास मिळाले तर मिळाले, तेही पुरुषांच्या धूम्रपानकक्षातील बाकावर. आणि तेथे पांघरावयाचे कांबळे निळ्या रंगाचे असे, कारण पोर्टराचे कांबळे चुकूनही उतारूच्या अंगावर जाऊ नये असा कंपनीचा जाबता होता. बीअर कशी ओतावी येथपर्यंत सारे काही नियमपुस्तिकेत लिहिलेले, आणि नियम पाळले जातात की नाही हे पाहण्यासाठी उतारूच्या वेषात हेर हिंडत.

या सर्वांबद्दल पूर्ण मासिक पगार पदरात पडण्यासाठी पोर्टराला महिन्याकाठी चारशे तास काम करावे लागे किंवा अकरा हजार मैलांचा प्रवास पुरा करावा लागे. १९२६ मध्ये हा पगार दरमहा साडेबहात्तर डॉलर होता; त्यातून जेवणाचा खर्च, बुटांच्या पॉलिशचा खर्च, हरवलेल्या टॉवेलची भरपाई वजा जाई. उरलेली तूट बक्षिसीने भरून काढावयाची, म्हणजे ज्याच्यापुढे हात पसरावयाचा त्याच्यापुढे हसावयाचेही. उतारू त्याला ‘जॉर्ज’ म्हणून हाक मारीत: जसा गुलाम धन्याच्या नावाने ओळखला जाई, तसा पुलमनचा चाकर पुलमनच्या नावाने. आईबापांनी ठेवलेले नाव असताना आयुष्यभर परक्या नावाला ओ देण्यातील दुःख पगाराच्या आकड्यांत मावत नाही, आणि या व्यवसायातील वृद्धांनी पुढे आपल्या आठवणी सांगितल्या तेव्हा झोपेच्या उपासमारीबरोबर त्यांनी हे शल्यही बोलून दाखविले. वर चढण्याची वाट तर बंदच होती. कंडक्टरचा हुद्दा गोऱ्यांचा. पुष्कळ गाड्यांवर कंडक्टरचे कामही पोर्टरच करी, पण हुद्दा आणि त्याचा पगार त्याच्या वाट्यास येत नसे.

आणि तरीही हाच माणूस गाडीतून उतरून आपल्या वस्तीत पाऊल टाकी, तेव्हा त्याची प्रतिष्ठा निराळीच असे. कापसाच्या शेतातील किंवा कत्तलखान्यातील मजुरीच्या मानाने त्याचे उत्पन्न नियमित होते, त्याचा गणवेश स्वच्छ होता, त्याने न्यूयॉर्कपासून कॅलिफोर्नियापर्यंतचा मुलूख डोळ्यांनी पाहिलेला होता. शिकागोची दक्षिण बाजू, न्यूयॉर्कचे हार्लेम, कॅलिफोर्नियातील वेस्ट ओकलंड, कॅनडातील माँट्रियलची सेंट आंट्वान वस्ती, या साऱ्या ठिकाणी पोर्टरांची कुटुंबे चर्चच्या आणि सामाजिक संस्थांच्या कारभारात पुढे असत. उतारूंनी आसनांवर टाकून दिलेली वृत्तपत्रे आणि मासिके घरी येत आणि मुले ती वाचत. आठ-आठ दिवस नवरा रुळांवर असे, तेव्हा घर, मुले, उधारी आणि आजारपण बायकोच सांभाळी; आणि परगावी हॉटेले कृष्णवर्णीयांना बंद असल्यामुळे पोर्टरांचा मुक्काम आपल्याच लोकांच्या घरी पडे, त्यातून देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओळखीचे आणि घरोब्याचे असे जाळे विणले गेले की जे कोणत्याही सभेने ठराव करून निर्माण झाले नसते. ऑस्कर मिशो, ज्यांनी पुढे कृष्णवर्णीयांच्या स्वतंत्र चित्रपटनिर्मितीचा पाया घातला, ते तरुणपणी पोर्टर होते. जॅझ पियानोवादक ऑस्कर पीटरसन यांचे वडील माँट्रियलला कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेवर पोर्टर होते, आणि मुलांना वाद्य शिकविण्याचा त्यांचा हट्ट संगीताच्या इतिहासास ठाऊक आहे.

या जाळ्याचा सर्वांत मोठा उपयोग झाला तो वृत्तपत्राच्या प्रसारात. रॉबर्ट अॅबट यांनी १९०५ साली शिकागोत ‘शिकागो डिफेंडर’ हे पत्र काढले, आणि दक्षिणेतील झुंडबळी, अन्याय आणि अपमान यांची कैफियत ते अशा निर्भीड भाषेत मांडू लागले की दक्षिणेतील कित्येक गावांत त्याच्या विक्रीस अटकाव झाला. टपालाने जे पोचणे कठीण, ते पोर्टरांनी पोचविले. शिकागोहून न्यू ऑर्लिन्सकडे जाणाऱ्या गाड्यांत सामानाच्या आड गठ्ठे ठेवले जात, आणि जेथे स्थानकावर पाळत असे तेथे गावाबाहेर, ठरलेल्या जागी, धावत्या गाडीतून ते खाली टाकले जात. एक प्रत न्हाव्याच्या दुकानात मोठ्याने वाचली जाई, चर्चमध्ये फिरे, हातोहाती जाऊन झिजून जाई. पहिल्या महायुद्धाच्या काळात उत्तरेतील कारखान्यांना हात हवे होते. त्या नोकऱ्यांची खबर आणि उत्तरेस येण्याचे आवाहन या पत्रात छापून येई, आणि स्थानकावर उभ्या असलेल्या तरुणाला शिकागोत उतरल्यावर कोणाच्या घरी जावे हे पोर्टर जबानी सांगे. १९१६ पासून १९७० पर्यंत सुमारे साठ लाख कृष्णवर्णीयांनी दक्षिण सोडली. त्या स्थलांतराची कारणे अर्थशास्त्रज्ञांनी सविस्तर मांडली आहेत, पण भीतीने घेरलेल्या माणसाला घर सोडण्याचे धैर्य आकड्यांनी येत नाही, विश्वासाच्या माणसाच्या शब्दाने येते. आणि तो शब्द या पोर्टरांनी पोचविला, असे माझे मत आहे. ब्लूज गीतांच्या तबकड्याही त्यांनीच शहरांत डझनांनी विकत घेऊन दक्षिणेतील खेड्यांपर्यंत नेल्या.

१९२० च्या दशकात सुमारे बारा हजार पोर्टर कंपनीच्या चाकरीत होते, आणि त्या काळी कृष्णवर्णीय पुरुषांना एवढ्या संख्येने नोकरी देणारी दुसरी खाजगी कंपनी देशात नव्हती. संघटना करू पाहणारा मात्र बडतर्फ होई. म्हणून न्यूयॉर्कच्या काही पोर्टरांनी आपल्या पुढारीपणासाठी असा मनुष्य शोधला की ज्याला कंपनी बडतर्फ करू शकत नाही, कारण तो तिचा चाकरच नाही. तो मनुष्य म्हणजे एसा फिलिप रॅन्डॉल्फ: फ्लोरिडातील एका धर्मोपदेशकाचा मुलगा, जन्म १८८९ चा, ‘मेसेंजर’ या मासिकाचा संपादक, गंभीर आवाजाचा आणि निर्लोभ वृत्तीचा. २५ ऑगस्ट १९२५ रोजी हार्लेममधील एका सभागृहात ‘ब्रदरहुड ऑफ स्लीपिंग कार पोर्टर्स’ हा बंधुसंघ स्थापन झाला. सभेत कंपनीचे हेर असणार हे जाणून रॅन्डॉल्फ यांनी भाषणे स्वतःच केली, ठराव स्वतःच मांडले, आणि एकाही पोर्टराला तोंड उघडण्याचा प्रसंग येऊ दिला नाही.

पुढची बारा वर्षे परीक्षेची गेली. कंपनीने सभासदांना काढून टाकले, स्वतःच्या मर्जीतील निराळी संघटना उभी केली, फिलिपिनो नोकर आणून पोर्टरांना भेडसावले. अधिक क्लेशकारक गोष्ट ही की, पोर्टरांच्याच समाजातील कित्येक धर्मोपदेशक व संपादक पुलमन आपल्या लोकांचा अन्नदाता म्हणून बंधुसंघाच्या विरोधात उभे राहिले. ज्या ‘डिफेंडर’चे गठ्ठे पोर्टरांनी वाहिले, ते पत्रही आरंभी कंपनीकडेच झुकले आणि १९२७ च्या अखेरीस त्याने आपले मत बदलले. झुंडबळींविरुद्ध लढणाऱ्या पत्रकार आयडा बी. वेल्स यांनी मात्र शिकागोत इतर दारे बंद असताना रॅन्डॉल्फ यांना व्यासपीठ दिले. १९२८ मध्ये संपाची घोषणा झाली आणि ती मागे घ्यावी लागली. त्यानंतर मंदीचे दिवस आले आणि १९३३ पर्यंत सभासदांची संख्या सातशेच्याही खाली गेली.

त्या काळात संघ जिवंत ठेवला तो बायकांनी, आणि त्यांच्यापैकी एकीविषयी सविस्तर लिहिणे मला माझे कर्तव्य वाटते. वॉशिंग्टनच्या रोझिना टकर या पोर्टराच्या पत्नी. पोर्टर उघडपणे वर्गणी देऊ शकत नव्हते, म्हणून त्या घरोघर जात, बायकांशी बोलत, चोरून वर्गणी जमवून न्यूयॉर्कला पाठवीत. त्यांनी शहरातील सुमारे तीनशे पोर्टरांची घरे अशी हिंडून काढली. कंपनीला याचा सुगावा लागला आणि तिने सूड उगवला तो त्यांच्या पतीवर: त्यांना कामावरून दूर करण्यात आले. तेव्हा रोझिनाबाई थेट कचेरीत जाऊन साहेबापुढे उभ्या राहिल्या, आपण काय करतो याच्याशी पतीच्या नोकरीचा काडीमात्र संबंध नाही हे त्याच्या मेजावर हात आपटून त्यांनी बजावले, आणि पतीला परत कामावर घ्यावयास लावले. कृष्णवर्णीय स्त्रीने गोऱ्या अधिकाऱ्याच्या खोलीत अशा रीतीने बोलणे म्हणजे त्या काळी केवढे साहस होते, याची कल्पना आज करणेही अवघड आहे.

१९३४ साली रेल्वे कामगारविषयक कायद्यात बंधुसंघाला अनुकूल अशी दुरुस्ती झाली, १९३५ मध्ये पोर्टरांनी मतदानाने बंधुसंघाला आपला प्रतिनिधी निवडले, अमेरिकन फेडरेशन ऑफ लेबर या कामगार महासंघाची सनदही मिळाली, आणि २५ ऑगस्ट १९३७ रोजी, स्थापनेच्या नेमक्या बाराव्या वर्षदिनी, पुलमन कंपनीने करारनाम्यावर सही केली. महिन्याचे तास चारशेवरून दोनशे चाळीसवर आले आणि वेतन वाढले. एका मोठ्या कंपनीला कृष्णवर्णीय कामगारांच्या संघटनेशी समान पक्ष म्हणून करार करावा लागला, असे त्या देशात पूर्वी घडले नव्हते.

रॅन्डॉल्फ यांनी या बळावर १९४१ मध्ये वॉशिंग्टनवर मोर्चा नेण्याचा इशारा दिला, तेव्हा राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी युद्धोपयोगी कारखान्यांतील वर्णभेदाला मनाई करणारे फर्मान काढले. दक्षिणेतील माँटगोमेरी गावचे पोर्टर ई. डी. निक्सन यांचे उदाहरण याहूनही बोलके आहे. १९२८ साली रॅन्डॉल्फ यांचे भाषण ऐकून ते बंधुसंघात आले, गावातील शाखेचे अध्यक्ष झाले, आणि १ डिसेंबर १९५५ रोजी रोझा पार्क्स यांना बसमधील आपली जागा गोऱ्या उतारूस देण्याचे नाकारल्यावरून अटक झाली तेव्हा जामिनाची व्यवस्था करावयास हेच धावले. त्याच रात्री बसवर बहिष्कार घालण्याची मसलत त्यांच्या मनात पक्की झाली, सकाळ होताच त्यांनी गावातील धर्मोपदेशकांना दूरध्वनी केले, त्यांत सव्वीस वर्षांचे मार्टिन ल्यूथर किंगही होते. आणि सायंकाळी धर्मोपदेशकांची बैठक भरली तेव्हा निक्सन तेथे नव्हते, कारण त्यांच्या गाडीची पाळी होती आणि ते कामावर गेले होते. बसचा बहिष्कार ३८१ दिवस चालला. २८ ऑगस्ट १९६३ रोजी अडीच लाखांचा समुदाय कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी वॉशिंग्टनला जमला, त्या मोर्चाचे प्रमुख चौऱ्याहत्तर वर्षांचे रॅन्डॉल्फ होते.

विमाने आणि महामार्ग यांनी शयनगाड्यांचे दिवस संपविले. पुलमन कंपनीने १९६८ च्या अखेरीस त्या चालविणे सोडून दिले. बंधुसंघ त्यानंतरही दहा वर्षे टिकला आणि १९७८ मध्ये रेल्वे कारकुनांच्या मोठ्या संघटनेत विलीन झाला. पोर्टरांच्या जीवनावर १९८२ मध्ये एक माहितीपट निघाला, त्यातील निवेदन रोझिना टकर यांनी केले. तेव्हा त्यांचे वय शंभर वर्षांचे होते, आणि त्यानंतरही पाच वर्षे त्या ही हकिकत सांगत राहिल्या.