व्यसनमुक्तीचा उपचार : शपथेपासून गोष्टीपर्यंत

काही वर्षांपूर्वी आमच्या युनियनच्या कचेरीत एक म्हातारी आली. तिचा मुलगा एका कारखान्यात फिटर. दारूपायी त्याची नोकरी जाण्याची वेळ आली, तेव्हा आम्हीच खटपट करून त्याला व्यसनमुक्ती केंद्रात भरती केले होते. पंधरा दिवसांनी ती त्याला भेटून आली आणि आम्हांला म्हणाली, "भाऊ, गोळ्या त आठ दिवसांतच सरल्या म्हणते. मंग आता पोट्टा तिथं करते तरी काय? नुसत्या गोष्टीच? गोष्टीनं दारू सुटत असती, त म्या काय कमी बोलली त्याले?"

प्रश्न भाबडा वाटेल, पण तो अडाण्याचा नव्हे. त्या दिवशी आम्हांला त्याचे नीट उत्तर देता आले नाही. आमची शाळा नववीतच सुटली. पुढचे शिक्षण वाचनालयात आणि कारखान्याच्या फाटकावर झाले. तेव्हा उत्तर शोधण्यासाठी आम्ही आमच्या सवयीप्रमाणे इतिहासाकडे वळलो. जे सापडले, ते आज नागपूरकर श्रोत्यांपुढे ठेवीत आहो.

दारूविरुद्धची आपली लढाई जुनी आहे. १८८० साली पुण्याच्या नगरपालिकेचे सभासद असताना जोतीराव फुल्यांनी शहरातल्या वाढत्या दारूदुकानांना लेखी हरकत घेतली. १९२१ साली असहकाराच्या दिवसांत आमच्या नागपुरात स्वयंसेवकांनी दारूच्या दुकानांपुढे निरोधन केले आणि तुरुंग पत्करला. पुढे गाडगेबाबांनी कीर्तनांतून आणि राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी खंजिरीवरच्या भजनांतून वऱ्हाड-नागपूरच्या खेड्यापाड्यांत व्यसनावर कोरडे ओढले. त्यांचे ऐकून कित्येकांनी बाटली फोडली, हे आमच्या वडीलधाऱ्यांनी डोळ्यांनी पाहिलेले आहे.

दुसरा मार्ग कायद्याचा. मध्यप्रांत-वऱ्हाडात १९३८ साली दारूबंदीचा कायदा झाला. मुंबई प्रांतात १९४९ साली झाला, आणि महाराष्ट्रात आजही तोच मूळ कायदा नाव बदलून चालू आहे. शेजारचा वर्धा जिल्हा गांधीजींच्या वास्तव्याची आठवण म्हणून कोरडा ठरला. गडचिरोलीत लोकांच्या चळवळीतून १९९३ साली बंदी आली. चंद्रपुरात ती २०१५ साली आली आणि २०२१ साली उठलीही. कायद्याला आम्ही कमी लेखीत नाही. गावातले दुकान मिटले की पुष्कळ पोरे पहिल्या घोटापासूनच वाचतात. परंतु जो आधीच अडकला, त्याचे काय? दुकान मिटल्याने त्याच्या हातांचा कंप मिटत नाही. गडचिरोलीच्या कार्यकर्त्यांनीही हे ओळखले, म्हणूनच २०१६ साली सुरू झालेल्या 'मुक्तिपथ' कार्यक्रमात बंदीच्या जोडीला उपचारही आला.

शपथ आणि कायदा या दोन्ही मार्गांत एक गोष्ट समान आहे. बोलणारा दुसराच कोणी असतो आणि पिणाऱ्याने फक्त ऐकायचे असते.

येथे आमची एक चूक कबूल केली पाहिजे. तीसएक वर्षांपूर्वी, उत्साहाच्या वयात, आम्ही कामगार दिनाच्या सभेत अकरा जणांना व्यासपीठावर उभे करून दारू सोडण्याची शपथ दिली. टाळ्यांचा कडकडाट झाला. त्यांतला एक जुना विणकर त्याच रात्रीपासून थरथरू लागला. आम्हांला वाटले, मन कच्चे आहे. तिसऱ्या दिवशी तो पुन्हा प्याला. त्यानंतर आम्ही दिसलो की तो गल्ली बदलायचा. दोन वर्षांनी त्याला आम्ही खांदा दिला. शपथेने त्याची दारू सुटली नाही. प्यायल्यावर आमच्याकडे परत येण्याचे दार मात्र बंद झाले. ते दार आम्हीच लावले होते.

आता ठाऊक आहे की तो कंप मनाचा नव्हता. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याची दारू एकाएकी तुटली, की सहा-आठ तासांत हात कापू लागतात, घाम फुटतो, झोप उडते. एक-दोन दिवसांत झटके येऊ शकतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम होतो, भिंतीवर किडे दिसतात. वेळीच उपचार न झाल्यास माणूस दगावतोही. म्हणून भरतीनंतरचे पहिले काही दिवस डॉक्टरांचे. शामक औषधे देऊन ती हळूहळू कमी करीत आणतात; ब-१ जीवनसत्त्व देतात; अन्नपाणी सुधारतात. म्हातारीने ज्यांचा हिशेब केला होता, त्या गोळ्या ह्याच.

गोळीने दारू अंगातून निघते. जगण्याच्या रीतीत ती मुरलेली असते, तिथून निघत नाही. येथून गोष्टीचे काम सुरू होते, आणि त्या कामाची जन्मकथा आपल्या देशाबाहेरची आहे. १९३५ साली अमेरिकेत ओहायो प्रांतातील अ‍ॅक्रन या गावी एक शेअरदलाल आणि एक शल्यविशारद भेटले. दोघेही दारूने बुडालेले. डॉक्टरांचे आणि धर्मोपदेशकांचे सांगून झाले होते. पण एका पिणाऱ्याने दुसऱ्याला आपली स्वतःची कहाणी सांगितली, तेव्हा दोघेही तगले. त्यातून 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' ही संघटना निघाली. १९५७ च्या सुमारास ती मुंबईत पोहोचली आणि आज तिच्या सभा नागपुरातही भरतात. तिथे व्याख्याता नसतो. जो तो आपली गोष्ट सांगतो, बाकीचे मान न हलवता ऐकतात. १९४९ नंतर अमेरिकेतल्या मिनेसोटा प्रांतात या स्वमदतीला डॉक्टर आणि समुपदेशक यांची जोड मिळाली, आणि काही आठवडे निवासी राहून घ्यावयाच्या उपचाराचा साचा बनला. मद्रासेत १९८० साली टी. टी. रंगनाथन यांच्या नावाने निघालेली संस्था हे आपल्याकडचे आद्य उदाहरण.

महाराष्ट्रात हे काम रुजवले 'मुक्तांगण'ने. मुंबईतल्या गर्दच्या व्यसनावर अनिल अवचटांनी लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले आणि त्यांनी आर्थिक साहाय्य पुढे केले. मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम करीत होत्या. त्याच आवारात १९८६ च्या ऑगस्टमध्ये केंद्र उघडले. स्थळाला अर्थ आहे. १९१२ च्या वेड्यांविषयीच्या कायद्यात वेड्यांच्या इस्पितळांचा विचार मुख्यतः कोंडून ठेवण्याच्या दृष्टीने झाला होता. त्याच परंपरेतल्या आवारात बाईंनी माणसांना मोकळे बोलते केले. १९९७ साली त्या गेल्या, पण त्यांनी घालून दिलेली रीत टिकली.

ती रीत अशी. मुक्कामाचा क्रम ३५ दिवसांचा. केर काढणे, स्वयंपाकाला हात लावणे, भांडी घासणे, ही कामे राहणारेच करतात. ज्याने वर्षानुवर्षे घरची एकही जबाबदारी घेतली नाही, त्याच्या हाती झाडू देणे हाही उपचारच. सकाळी योग, दिवसात गटसभा. तिथे एक जण सांगतो की बायकोची पोत आपण कशी विकली, दुसरा म्हणतो, "माझीही गोष्ट हीच." आपण एकटेच नीच आहो ही समजूत तिथे गळून पडते, आणि "मी हवी तेव्हा सोडीन" ही बढाईही गळते, कारण समोरच्याने तीच बढाई मारलेली असते. मग समुपदेशकाशी एकट्याने बोलणे. पगाराच्या दिवशी काय होते? कोणता मित्र, कोणता रस्ता, कोणता राग? अशा धोक्याच्या जागांची यादी तो स्वतः करतो आणि प्रत्येकीवर तोड शोधतो. "आज अपमान झाला, म्हणून प्यालो" या वाक्यातला 'म्हणून' तपासायला शिकतो. अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ पद्धतीचे हे सूत्र मराठीत कि. मो. फडके यांनी रुजवले. घरच्या माणसांनाही बोलावतात, कारण बायको आणि मुले त्या आजारात होरपळलेली असतात आणि त्यांनाही बोलायचे असते. कित्येक समुपदेशक स्वतः त्याच वाटेने गेलेले असतात.

डायसल्फिराम नावाचे एक औषधही आहे. १९४८ साली कोपनहेगनमध्ये त्याचा उपयोग ध्यानात आला. ते घेऊन दारू प्यायल्यास जीव घाबरा होतो. काही घरांत ते भाजीत गुपचूप कालवतात. तसे करू नका! न सांगता दिल्यास ते जिवावर बेतू शकते. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रोग्याच्या संमतीने घ्यावयाचे आहे. उपचार फसवून होत नाही, आणि मारूनही होत नाही. उपचाराच्या नावाखाली कोंडणाऱ्या, मारहाण करणाऱ्या जागा आहेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारू व अमली पदार्थांमुळे होणाऱ्या मनोविकारांना आजारांत गणले आहे, आणि रोग्याला साखळीने बांधण्यास मनाई केली आहे. आपला माणूस भरती करण्यापूर्वी तिथे डॉक्टर आहेत काय आणि भेटू देतात काय, एवढे तरी विचारा.

आता म्हातारीच्या प्रश्नाचे उत्तर. माय, तू पुष्कळ बोललीस, आम्हीही बोललो. पण आपण त्याला सांगत होतो. तिथे तो स्वतः सांगतो, आणि आपल्याच तोंडची गोष्ट प्रथमच ऐकतो.

तिचा मुलगा पस्तिसाव्या दिवशी परतला, तेव्हा त्याच्यासाठी आरोपपत्र तयार होते : विनापरवाना गैरहजर. चौकशीत आम्ही वैद्यकीय दाखले ठेवले, चार तारखा लढलो आणि ते दिवस आजारपणाच्या रजेत बसवून घेतले. वर्षभरात तो एकदा घसरलाही. या वेळी मात्र त्याने गल्ली बदलली नाही, दुसऱ्या दिवशी कचेरीत येऊन बसला आणि म्हणाला, "भाऊ, काल चुकलो." त्याच दुपारी तो पाठपुराव्याच्या गटाला गेला. आज तो कामावर आहे.

शंभर वर्षांच्या वाटचालीत शास्त्राने आणि कायद्याने व्यसनी माणसाला रोगी म्हटले. हजेरीपटाने अजून म्हटलेले नाही. तिथे त्याच्या नावापुढे खाडाच पडतो. उपचार ३५ दिवसांत संपत नाही. घर, गट आणि काम या तिन्ही ठिकाणी तो पुढे चालतो, आणि काम गेले तर बाकीची दोन फार दिवस तग धरीत नाहीत. सभागृहात कारखानदार आहेत, अधिकारी आहेत, दुकानांचे मालक आहेत. तुमच्याकडचा कोणी उपचाराला गेला, तर त्या दिवसांपुढे 'आजारी' एवढे तीन अक्षरी लिहा, ही आमची मागणी.